मावशी, आत्या आणि डावा पाय

फोटोबाईंच्या स्टुडिओत खिशात मावतील असे दोन कॅमेरे होते आणि दोघांनाही नावं होती. एक मावशी, दुसरी आत्या. हे बारसं केलं होतं बाईंच्या धाकट्या भावाने. त्याला सगळी गल्ली मीटर म्हणायची, कारण वीज कंपनीत घरोघरी फिरून मीटरचे आकडे टिपायचं काम तो करायचा. बाई मात्र त्याला छोट्या म्हणायच्या. छोट्याचे केस पिकले, पोट सुटलं, साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी तो छोट्याच राहिला.

नावं ठेवायला तो हुशार होता, हे बाईसुद्धा कबूल करायच्या. मावशी म्हणजे अगदी मावशी. तिच्यासमोर कोणीही उभं राहावं, ती जवळ घेणारच. तिच्या लेन्सचा डोळा मोठा, त्यामुळे अंधाऱ्या हॉलमध्येसुद्धा फ्लॅशशिवाय फोटो यायचा, आणि कातडी अशी मऊ यायची की रात्रभर जागलेली बाळंतीण आठवडाभर झोप काढून उठल्यासारखी दिसायची. आत्याचा स्वभाव वेगळा. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला पक्षी ती इथून जवळ ओढायची, आणि जवळ नेली तर कापडाचा धागा न् धागा मोजून दाखवायची. पण तिला उजेड भरपूर लागायचा, आणि तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. गालावरची पुटकुळी, मानेवर सांडलेली पावडर, कवळीची कड, सगळं चारचौघांत मांडून मोकळी.

म्हणून कामं वाटून दिली होती. वाढदिवस, साखरपुडे, तान्ही बाळं मावशीकडे. सोनाराचे दागिने, कारखान्यातले तडा गेलेले भाग, जुनी कागदपत्रं आत्याकडे. स्टुडिओत एक मोठा कॅमेरा होता तो तीन पायांवर उभा, पासपोर्टच्या फोटोंपुरता, जागचा हलायचा नाही. कोणी गिऱ्हाईक विचारायला आलं, की बाई, मला छोटा कॅमेरा घ्यायचाय, या दोनातला कोणता चांगला, तर बाई चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "कशासाठी?" मग त्याचं काही खरं नसायचं. माणूस दोन मिनिटांसाठी आलेला, अर्ध्या तासाने डोकं धरून बाहेर पडायचा. मीटर मागच्या दारातून ओरडायचा, "ताई, सोड त्याला, त्याच्या घरी जेवायला थांबलेत."

मागच्या दारापलीकडे दोन खोल्या होत्या. तिथे ही दोन भावंडं राहायची. बाईंचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले, मीटरचं लग्न आज करू उद्या करू म्हणता राहून गेलं ते गेलंच. दिवसभर बाई पुढच्या खोलीत माणसं हसवायच्या आणि तो गावभर जिने चढायचा. कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर कुत्रं आहे, कुठली म्हातारी मीटरच्या खोलीला कुलूप लावून किल्ली विसरते, सगळं त्याला तोंडपाठ. संध्याकाळी बूट काढता काढता तो हे सगळं सांगायचा आणि बाई फोटो साफ करता करता ऐकायच्या.

फोटो साफ करणं हा बाईंचा जीव की प्राण. त्यांच्या काउंटरवरून निस्तेज फोटो कधी बाहेर गेला नाही. डोळ्याखालचं काळं थोडं उजळायचं, कपाळावरची चमक मारायची, हनुवटीची सावली हलकी करायची. त्या म्हणायच्या, आपण काही खोटं करत नाही, माणूस बऱ्या दिवशी जसा दिसतो तसा दाखवतो. यात कोणाचं काय वाईट होणार होतं?

मग कंपनीने मीटरला नवे बूट दिले.

बूट डाव्या पायाला करंगळीच्या बाजूने घासत होता. दुसऱ्या कोणाला पहिल्याच दिवशी कळलं असतं, पण साखरेने मीटरच्या पावलांची जाणीव कधीच पळवली होती. तो आपला जिने चढत राहिला. एका संध्याकाळी मोजा निघेना, तेव्हा बाईंनी कोमट पाणी ओतून तो सोडवला आणि करंगळीपाशी चिघळलेली जखम बघून त्या लगेच रिक्षा बोलवायला निघाल्या. मीटर म्हणाला, "एवढं काय? दुखत तर नाहीये." तेच तर वाईट होतं.

जवळच्या डॉक्टरांनी शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे फक्त पायांचे म्हणून एक डॉक्टर होते. शांत माणूस, बोलताना पेशंटचं पाऊल मांडीवर घेऊन बोलायचा. त्यांनी ड्रेसिंग कसं करायचं ते बाईंना शिकवलं, औषधं दिली आणि म्हणाले, "दर आठवड्याला इथवर आणण्यात पायाचेच हाल होतील. तुम्ही दर रविवारी जखमेचा फोटो पाठवा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, मला कळेल. काही वाटलं तर मी लगेच बोलावून घेईन."

बाईंना पहिल्यांदाच त्या इस्पितळात धीर आला. त्या म्हणाल्या, "फोटोचं माझ्यावर सोडा, डॉक्टर."

पहिल्या रविवारी त्यांनी मागच्या खोलीत स्टुडिओच थाटला. स्टुलावर पांढरा टॉवेल, त्यावर उशी, उशीवर भावाचा पाय. आधी मावशीने फोटो काढले, मग आत्याने. आत्याला त्या खोलीतला पिवळा बल्ब पुरेना, ती फ्लॅश मागायची. फ्लॅश मारला की ओली जखम पांढरीफटक चमकायची आणि आतलं काहीच दिसायचं नाही. फ्लॅश बंद करून अगदी जवळ नेली तर तिच्या स्वतःच्या लेन्सच्या नळीची सावली पायावर पडायची. मावशी जवळ गेली की गोंधळायची, फोटो पुसट यायचा, म्हणून तिला हातभर लांब धरून, नंतर हवा तेवढा भाग कापून घ्यावा लागायचा. पण उजेड छान, सगळा पाय एका नजरेत, ना सावली ना चमक. बाईंनी दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

मीटर मान उंच करून बघत होता. त्याला स्वतःचा तळवा वाकून बघता यायचा नाही, पोट आड यायचं. आत्याचा फोटो बघून त्याचा चेहरा उतरला. भेगा, पापुद्रे, जखमेची वेडीवाकडी कड, सगळं पडदाभर. "ताई," तो म्हणाला, "हिला माझ्या पायापासून लांब ठेव बरं."

"अरे, तिचा स्वभावच तसा."

"असू दे ना. पण मी आजारी आहे, मला मावशी पाहिजे."

दोघंही हसली. बाईंनी मावशीचा फोटो पाठवला. कारण होतं, आणि धंद्यातलं पक्कं कारण होतं. चमक नाही, सावली नाही. पण भावाचा उतरलेला चेहरा त्या कारणाच्या पाठीशी उभा होता, हेही तितकंच खरं. पाठवण्याआधी त्यांनी बल्बचा पिवळेपणा काढून टाकला, आणि तसं करताना हात सवयीने कडेच्या काळपट भागावरून फिरला. किंचित उजळ, डोळ्यांखाली करतात तेवढाच. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

रविवारमागून रविवार गेले. डॉक्टरांचं उत्तर यायचं, "ठीक." कधी, "थोडी सुधारणा दिसते." बाई ते मोठ्याने वाचून दाखवायच्या. मीटर घरी बसून कंटाळला होता. गिऱ्हाइकांच्या बाकावर पाय वर करून बसायचा आणि पासपोर्टच्या फोटोला आलेल्यांना सूचना द्यायचा, "हसू नका, सरकारला हसलेलं चालत नाही." बाई रोज सकाळी ड्रेसिंग बदलायच्या. जखम कालच्यासारखीच वाटायची. आणि काल ती परवासारखी वाटलेली असायची.

एका वाढदिवसाच्या गर्दीत कोणीतरी मावशीवर कोल्ड्रिंक सांडलं. लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली, आत जाईना की बाहेर येईना. मेकॅनिक म्हणाला, उघडून साफ करावी लागेल, गुरुवारी देतो. तोवर रविवार आला.

बाईंनी आत्या काढली. पाय दारापाशी घेतला, तिथे दिवसाचा उजेड होता. फ्लॅश लागला नाही. त्यांनी नळीची सावली पडणार नाही अशा कोनातून फोटो काढला, श्वास रोखून, हात स्टुलाच्या कडेला टेकवून. मग कॉम्प्युटरवर उघडला.

जखमेची बाहेरची कड काळी होती. करंगळीच्या मुळापर्यंत काळी. आणि त्या काळ्यापुढे कातडी निळसर, मेणचट.

बाई उठून पायापाशी गेल्या, खाली बसून बघितलं. पाय कालच्यासारखाच वाटला. परत पडद्यापाशी गेल्या. परत पायापाशी. मीटर म्हणाला, "काय गं, कवायत चाललीय?"

"काही नाही. आत्याचं नेहमीचंच."

हे बोलल्या आणि बोलता बोलता त्यांना पटलं. आत्याच ती. तिने आजवर कोणाला चांगलं म्हटलंय? सावल्या तिला काळ्याकुट्टच दिसतात, निळा रंग ती जास्तच ओढते, सोनाराचं पिवळंधमक सोनंसुद्धा तिच्यातून कळकट येतं आणि मग तासभर बसून साफ करावं लागतं. त्यात आज कोन वेगळा, उजेड वेगळा. इतके दिवस मावशीचे फोटो गेलेत, मध्येच हा एक आत्याचा गेला तर डॉक्टर कशाची तुलना कशाशी करणार? आंब्याची फणसाशी? उगीच घाबरून बोलावतील, पायाला हिसके बसतील. धंद्याच्या हिशेबाने हा विचार चुकीचा नव्हता. एक मालिका एकाच कॅमेऱ्याने काढायची, हे त्या कुठल्याही शिकाऊ माणसाला सांगत आल्या होत्या. त्यांनी फोटो पाठवला नाही.

सोमवारी डॉक्टरांचा निरोप आला, "या आठवड्याचा फोटो मिळाला नाही."

बाईंनी लिहिलं, "कॅमेरा दुरुस्तीला आहे. गुरुवारी पाठवते."

"मोबाइलवरचा चालेल."

याचा बाईंना राग आला. आयुष्य या धंद्यात घातलं, आणि मोबाइलवरचा चालेल म्हणे. त्यांनी उत्तरच दिलं नाही.

मधल्या दिवसांत मीटर जरा गप्प गप्प होता. गळून गेल्यासारखं वाटतंय, म्हणाला. बाई म्हणाल्या, बसून बसून माणूस गळतोच. गुरुवारी मावशी घरी आली, लेन्स सुळकन आतबाहेर करणारी, पहिल्यासारखी. बाईंनी लगेच पाय उशीवर घेतला, बल्ब लावला, हातभर लांबून फोटो काढला. पडद्यावर पाय गुलाबी आला. कड थोडी काळपट होती खरी, पण आत्याने दाखवलेला तो भयंकर प्रकार कुठेच नव्हता. बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. त्यांनी पिवळेपणा काढला, कडेवरून हात फिरवला आणि फोटो पाठवून दिला.

डॉक्टरांचं उत्तर आलं, "छान. असंच चालू ठेवा."

"बघ," बाई भावाला म्हणाल्या. "उगीच जीव टांगणीला लावला होता त्या बयेने."

शनिवारी मीटरला थंडी वाजून ताप भरला. दोन पांघरुणं घालूनही त्याचे दात वाजत होते. बाईंनी ड्रेसिंग सोडलं आणि खोलीभर वास पसरला. वासाचा फोटो निघत नाही. गाडी ठरवून त्या त्याला शहरात घेऊन गेल्या, त्याचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन. वाटेत तो तापात कुठल्या तरी इमारतीचे मीटरचे आकडे पुटपुटत होता.

पायाच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली. नेहमीसारखं पाऊल मांडीवर घेतलं. बोटाने दाबून बघितलं, पोटरीपर्यंत हात नेला, परत खाली आणला. मग म्हणाले, "पण फोटोत तर असं नव्हतं."

बाईंनी पिशवीतून आत्या काढली. ती त्यांनी सोबत का घेतली होती, त्यांनाच ठाऊक नव्हतं. तिच्या मागच्या पडद्यावर तो रविवारचा फोटो उघडून त्यांनी कॅमेरा डॉक्टरांच्या हातात दिला.

"हा कधीचा?"

"गेल्या रविवारचा."

"हा का नाही पाठवलात?"

बाई सांगू लागल्या. आत्या सावल्या काळ्या करते, तिचा निळा रंग, कोन वेगळा होता, उजेड वेगळा होता, एक मालिका एकाच कॅमेऱ्याने... दुकानात गिऱ्हाइकापुढे जे अर्धा तास बोलायच्या तेच सगळं, त्याच शब्दांत. मध्येच त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला आणि त्या थांबल्या. इतके दिवस आपण दोन कॅमेऱ्यांचीच तुलना करत बसलो, पायाकडे कोणी बघितलंच नाही, हे त्यांना तिथे, त्या स्टुलावर बसून कळलं. मग त्यांनी कडेवरून फिरणाऱ्या हाताचंही सांगितलं. ते सांगायला फार वेळ लागला नाही.

"रविवारी आणलं असतं तर?" बाईंनी विचारलं.

त्यांना वाटत होतं, या माणसाने आता रागवावं. चार लोकांत ओरडावं, बाहेर जा म्हणावं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही हो. याच्या पायाला रक्तच नीट पोचत नाहीये. कदाचित थोडा पाय वाचला असता. कदाचित हेच झालं असतं. खरंच सांगता येत नाही." आणि त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला.

मीटर शेजारच्या खाटेवर डोळे मिटून होता. बाईंना वाटलं, झोपलाय. तो डोळे न उघडता म्हणाला, "ताई, पण त्या फोटोत पाय खरंच छान दिसत होता."

त्या दिवशी संध्याकाळी गुडघ्याखालून पाय काढला. बाहेर बाकावर बसून बाईंनी मांडीवर पिशवी घट्ट धरली होती. समोरून पाय आपटत, पाय ओढत, पळत, सगळ्या तऱ्हेची माणसं जात होती. बाईंना दुसरं काही दिसतच नव्हतं, नुसती पावलं दिसत होती.

मीटर घरी आला. कंपनीने त्याला तक्रारीच्या फोनवर बसवलं. ज्या जिन्यांवर तो चढायचा तिथलीच माणसं आता फोन करून वीज गेली म्हणून शिव्या घालायची, आणि तो त्यांच्या कुत्र्यांची चौकशी करायचा. बाईंना त्याने एका शब्दाने दुखावलं नाही. त्याने दुखावलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. कधी तरी रागाने भांडं आपटावं, तुझ्यामुळे झालं म्हणावं, म्हणून त्या मुद्दाम विषय काढायच्या. तो म्हणायचा, "बूट कंपनीने दिले, साखर आईकडून आली, तू कशाला मध्ये नंबर लावतेस?" बाई उठून पुढच्या खोलीत जायच्या आणि दिवा न लावता बसून राहायच्या.

त्यांनी फोटो साफ करणं सोडून दिलं. एका नवऱ्या मुलीच्या आईने तक्रार केली, की बाई, मुलीच्या गालावरचा डाग तसाच ठेवलात. बाई म्हणाल्या, "आहे तो." ती बाई परत आली नाही. मग त्यांनी परत सुरू केलं, कारण पोट कोणाला चुकलंय? पण हात चालेना. डाग दिसला की, हा घालवायचा की ठेवायचा, हे त्यांना कधी नव्हे ते समजेनासं झालं.

दोघं तपासणीला गेली तेव्हा पायाच्या डॉक्टरांनी जखम भरलेली बघितली, समाधानाने मान हलवली, आणि मग मीटरचं दुसरं पाऊल मांडीवर घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, "आता सगळा भार यावर आहे. याला जपायचं. याचे फोटो पाठवत जा, दर रविवारी. जे असेल ते, जसं असेल तसं."

बाईंनी मान डोलावली. फोटोचं माझ्यावर सोडा, असं या वेळी त्या म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी पाय दारापाशी उजेडात घेतला. त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले, मग मोबाइलनेसुद्धा काढला, आणि सगळे जसेच्या तसे पाठवून दिले. मग कॉम्प्युटरवर उघडले. मावशीच्या फोटोत टाच स्वच्छ होती. आत्याच्या फोटोत टाचेच्या बाहेरच्या अंगाला मसुराएवढा काळपट ठिपका होता. मोबाइलच्या फोटोत तिथे काहीतरी होतं, पण ते ठिपका होतं की मळ, की कसली सावली, ते कळत नव्हतं. रविवार होता, डॉक्टरांचं उत्तर लगेच येणार नव्हतं.

बाई कॉम्प्युटर तसाच सोडून उठल्या आणि भावासमोर जमिनीवर बसल्या. चष्मा पुसला. टाच दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवली. बोटाने तो भाग चोळून बघितला, ओल्या फडक्याने पुसून बघितला, परत बघितला. आहे असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. जितकं जास्त बघावं तितकं दिसणं कमी होत होतं.

"दुखतंय का इथे?"

"मला कुठे काय कळतंय तिथलं?" मीटर म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "काय दिसतंय, ताई?"

या एका प्रश्नाचं उत्तर देण्यातच त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. लोक आरशापुढे उभे राहावेत तसे त्यांच्यापुढे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, बाई, कसा दिसतो, आणि उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असायचं. त्यांनी तोंड उघडलं. आतून तेच जुनं वर आलं, छान आहे, काही नाही, उगीच घाबरू नकोस. ते त्यांनी गिळलं. मग दुसरं काय आहे ते शोधलं.

"मला कळत नाही रे, छोट्या," त्या म्हणाल्या. "मी बघतेय, पण मला खरंच कळत नाही."

मीटरने पाय काढून घेतला नाही, तसाच त्यांच्या हातात राहू दिला.